मॉडेल म्हणतं शून्य

४ मार्च, सकाळ
वरच्या अंगाला रंगाच्या कारखान्याची टाकी फुटली. विषारी जांभळं पाणी नदीत. गाव पितं त्याच नदीचं. विष जॅकवेलपाशी, म्हणजे गावाचा पंप बसवलेल्या विहिरीपाशी, कधी पोहोचणार, हे कॉम्प्युटरवर नदीचं मॉडेल चालवून मी सांगायचं. अखेर माझी गरज पडली! संकल्प : संध्याकाळच्या आत उत्तर. चहा कमी.

दुपार
सर्वेअरने ठिकठिकाणी नदीचे आडवे छेद मोजून नंबर टाकलेत, एक ते चाळीस. एक म्हणजे उगम, उघड आहे. मॉडेल मात्र सारखं कुरकुरतं : उतार उलटा आहे. शेवटी उंचीच्या आकड्यांना उणे चिन्ह लावलं. आता निमूट चालतंय. सॉफ्टवेअरला धाक लागतो. चहा चौथा.

संध्याकाळ
उत्तर : शून्य! जॅकवेलला विष पोहोचतच नाही. पाणीपुरवठ्यावर मेहुणाच आहे, त्याला कळवलं, पंप चालू ठेव. म्हणाला, भाऊजी, कारखाना वर, आपण खाली, मग विष जातं कुठे? म्हटलं, डायल्यूशन, पाण्यात विरून जातं. त्याने फोन ठेवला. पटलं असावं.

५ मार्च, सकाळ
बायको पिंपं भरत होती. ज्याचं मॉडेल त्याच्याच घरात साठा? लोक काय म्हणतील! सगळी ओतून अंगणात पालथी घातली. म्हणाली, तुम्हाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आई पाणीच पीत नाहीये, तहान नाही म्हणते. तिच्यासमोर मुद्दाम दोन ग्लास प्यायलो. तिसरा तसाच ठेवला. पोट भरलं.

दुपार
ऑफिसजवळच्या पुलावरून पाहिलं. नदी जांभळी. सर्वेअरला फोन केला. म्हणे, नंबर मुखापासून वर टाकलेत, एक म्हणजे मुख. म्हणजे अख्खी नदी मी उलटी, डोंगरावर चढवली. मेहुणा फोन उचलत नाही. आई नळाचं पाणी प्यायली असेल तर? घरी निघतो.

संध्याकाळ
धावत घरी आलो. नळ कोरडा. बायकोकडून कळलं : माझं शून्य ऐकल्याबरोबर मेहुण्याने कालच पंप बंद केला होता. सकाळी आलं ते गावाच्या टाकीतलं उरलेलं, चांगलं पाणी. आई ठणठणीत. जीव भांड्यात पडला. घरातल्या भांड्यांत तेवढंच होतं.

तरी माझ्या आकड्यामुळेच पंप वेळेत बंद झाला, हे अहवालात यायला हवं. बायकोला तसं म्हटलं. तिने कळशी हातात दिली आणि शेजारचं दार दाखवलं. आईला आता तहान लागली होती.

शेजाऱ्याने विचारलं, घरात पाणी किती आहे? म्हटलं, शून्य.

या वेळी आकडा बरोबर होता.