आईच्या शेजारची जागा

३ जानेवारी १९७९, मिन्या

लिहिणं भाग पडलं ते असं — अमेरिकेतली मिशन संस्था आपला शंभर वर्षांचा इतिहास छापते आहे. मिन्याचं प्रकरण माझ्याकडे आलं. दहा पानं. शाळा कधी निघाली, दवाखाना कधी, किती मुली शिकल्या, सगळं बसलं. आमच्या शाळेच्या हॉलिस मडमची तीन मुलं बसली नाहीत. ती मिशनच्या आवारात, भिंतीला लागून पुरलेली आहेत. आणि आवार विकलं गेलं आहे. गितासचा, प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण झाला की कंत्राटदार पाया खणणार.

इतिहासात जागा नाही. इथे तरी असो.

४ जानेवारी

वॉल्टर चार वर्षांचा होता, हगवणीने गेला. ईडिथ दीड वर्षाची, तीही उन्हाळ्यातच. तिसरी मुलगी जन्मली त्याच दिवशी गेली. दगडावर तिचं नाव नाही.

त्यानंतर आठवडा झाला नसेल — मडम वर्गावर आल्या. भूमिती शिकवली. रडल्या नाहीत. मग आम्ही मुलींनीही कशालाच रडायचं नाही असं ठरवलं. बाकीच्या पुढे विसरल्या.

सदुसष्टच्या लढाईत अमेरिकनांना देश सोडावा लागला. स्टेशनवर मडमच्या हातात एकच पिशवी. "बलसम, पोरांकडे बघशील ना?" एवढंच म्हणाल्या. मी हो म्हटलं. दोन वर्षांत तिकडेच वारल्या.

६ जानेवारी

संस्थेला मागेच विचारलं होतं, उत्तर आज आलं. मुलं प्रभूपाशी सुखरूप आहेत, मातीसाठी खटाटोप नको.

आमच्या मंडळीच्या दफनभूमीत हलवू म्हटलं, तर पाळक सामी तेच म्हणाला. थडगी उकरणं आपल्या शिकवणीत बसत नाही. वर हसून — "बाई, रविवारच्या शाळेत तुम्हीच शिकवलंत की मला."

शिकवलं होतं. चांगलं शिकवलं होतं.

८ जानेवारी

इंसाफकडे गेले. हबीबची बायको — माझा भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली. आमच्या घरात मिशनकडे गेले ती मी एकटी. बाकी सगळे जुन्या कॉप्टिक चर्चमध्येच राहिले. नदीपलीकडचं घराण्याचं थडगं आता तिच्या हातात आहे.

"वन्सं, तुम्ही? आमच्या नाताळाच्या फत्त्याचं पातेलं कालच घासून पालथं घातलं."

मसूर निवडत होती. मी काम सांगितलं — मुलांना तिथे जागा हवी. ती निवडतच राहिली. मग म्हणाली, सासूबाईंच्या थडग्यावर एकाही सणाला तुम्ही त्यांच्या नावाने वाटायला भाकरी आणली नाहीत. मेलेल्यांना काय कळतं म्हणालात. आता या गोऱ्या पोरांना कळायला लागलं?

"त्यांना कळत नाही. मी शब्द दिलाय, ते मला कळतं."

तिने सूप खाली ठेवलं. दोनच जागा उरल्यात, म्हणाली. एक हबीबच्या शेजारी, तिची. दुसरी आईच्या शेजारी — आईनेच माझ्यासाठी राखायला सांगितलेली.

"तिथे पेटी ठेवली तर तुम्ही कुठे जाणार?"

"मंडळीच्या दफनभूमीत. माझ्यासाठी जागा आहे."

"कोणाच्या शेजारी?"

चहा न घेताच उठले.

११ जानेवारी

मला आईशेजारी निजायचं आहे. लिहिलं. खोडत नाही.

१५ जानेवारी

हाज रमदान, कंत्राटदार, स्वतः येऊन उभा राहिला. माणूस दिला, मजुरी घेतली नाही. "बलसमबाई, लेकरांवर काँक्रीट ओतायला हात धजत नाही."

वॉल्टरच्या बुटाचं बक्कल निघालं. ईडिथची थोडीशी हाडं. तिसरीचं काहीच नाही. तिच्या दगडाखालची ओंजळभर माती घेतली. तिघांना एक पेटी पुरली. वाण्याकडची, चहाची.

इंसाफकडे निरोप पाठवला — ठरलं.

१९ जानेवारी, गितास

सुपूर्द केलं ते असं —

आवाराच्या फाटकाची किल्ली, हाज रमदानला.

पेटी, इंसाफला. होडीत सबंध वाट ती मांडीवर घेऊन बसली होती. पायाशी सणाचा ऊस आणि उकडलेल्या अळकुड्या. आईच्या शेजारी तिने स्वतःच ठेवली.

भाकऱ्या. तिने टोपली माझ्या हातात दिली. दफनभूमीच्या दारातल्या बायकांना मी वाटल्या. एक आईच्या नावाने.

तिच्या चर्चचे धर्मगुरू, अबूना, प्रार्थनेला उभे राहिले. नावं विचारली. मी सांगितली — वॉल्टर, ईडिथ.

"आणि तिसरीचं?"

इंसाफ माझ्याकडे बघत होती.

बलसम, म्हटलं.