रबरी कोंबडीची रंगीत तालीम

बाबा, समोर सही करायचा अहवाल पडला आहे आणि मी त्याच्याच कोऱ्या पानांवर तुम्हाला लिहीत बसले आहे. हे कुठे पाठवणार? पण डोकं इतकं भणाणलंय की कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी आता पशुधन पर्यवेक्षक आहे, कुरखेड्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या ढोरांच्या दवाखान्यात. तुम्ही जन्मभर याच भागात, अशाच दवाखान्यात परिचर होतात. सुया उकळायच्या, बैल धरायचे, साहेबांना चहा आणायचा.

मी सातवीत असेन. पलीकडच्या टोल्यावर, त्या वस्तीत कोंबड्या माना टाकून राहिल्यात, असं तुम्ही चुलीपाशी आईला हळूच सांगितलंत आणि मी ते बोअरिंगवर पाणी भरताना मैत्रिणीला सांगून मोकळी झाले. दुपारपर्यंत बाया टोपल्यांत धडधाकट कोंबड्या झाकून लेकींच्या सासरी निघाल्या. आपल्याकडे असंच करतात. घरात मरण शिरलं की जिता जीव लेकीकडे पोचवायचा. त्यात कपट नसतं, माया असते, आणि त्याच मायेनं रोग चार गावं फिरतो. तुम्ही सायकलचं हँडल धरून अंगणात उभे आहात, रागावलेले. "तुह्या तोंडाले कुलूप नाई का वो? पहिले भूमियाले सांगाचं असते, मंग जगाले!" आणि तशीच सायकल भूमियाच्या घराकडे वळवलीत.

भूमिया म्हणजे गावचा पुजारी. तुम्ही आधी त्याच्या अंगणात बसायचात, बिनदुधाचा चहा घ्यायचात आणि त्याला गाव बांधायला लावायचात. शिवेवर पूजा झाली की ना पाहुणा आत, ना टोपली बाहेर. मग तुम्ही निवांत खड्डा खणून, चुना टाकून मेलेल्या कोंबड्या पुरायचात. एक पोलीस लागला नाही कधी. आणि हे कुठल्याच सरकारी कागदावर नव्हतं.

आता कागदच कागद आहेत. गेल्या साली जैविक आपत्तीचा आराखडा आला, हा एवढा जाडजूड. बर्ड फ्लू आला तर काय करायचं, याची रंगीत तालीम झाली. सभागृहाच्या मागच्या पटांगणात दोघांना पांढरे सूट घालून उभं केलं. जिवंत कोंबडी आणायचं कोणाला सुचलं नाही म्हणून बाजारातली रबरी कोंबडी ठेवली. ती दाबली की चीं करायची! फोटो निघाले, समोसे झाले. एका नव्या डॉक्टरनं विचारलं, "पण लोक आधीच कोंबड्या घेऊन गेले तर?" साहेब म्हणाले, "आदेश काढू." मागून एक म्हातारे कारकून बोलले की पूर्वी इकडे एक परिचर भूमियाकडून गाव बांधून घ्यायचा. साहेब हसले. "म्हणजे आता आपत्ती व्यवस्थापन भगताकडून करून घ्यायचं?" सगळं सभागृह खदखदून हसलं. तो परिचर माझा बाप, हे मी सांगितलं नाही. समोशाचा तुकडा मोडत खाली बघत राहिले.

आणि मग खरंच आलं, बाबा. मेल्या कोंबडीचा नमुना लांबच्या प्रयोगशाळेत गेला, आणि निकाल आला त्याच सकाळी गावातल्या सगळ्या कोंबड्या मारायचा आदेश नकाशासकट सगळ्यांच्या मोबाइलवर. आमची गाडी निघायच्या आधी गावाला ठाऊक! एक विधवा बाई सात कोंबड्या टोपलीत घालून एसटीनं लेकीच्या सासरी गेली. पाच दिवसांत तिकडचीही खुराडी रिकामी झाली. तिच्या लेकीला सासू आता घरात उभं करत नाही. एवढ्या मोठ्या आराखड्यात एक ओळ नव्हती हो, की आधी माणसाशी जाऊन बोला! आणि अहवाल काय म्हणतो? "ग्रामस्थांचे असहकार्य." खाली त्या बाईचं नाव, कारवाईची शिफारस, आणि त्याखाली माझ्या सहीची जागा. ज्यांनी रबरी कोंबडीवर तालीम उरकली त्यांचं कुठेच नाव नाही. सही मी अजून केलेली नाही.

परवा ती बाई दवाखान्यात आली. मला वाटलं भांडेल. दाराची चौकट धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमचे बाबा असते तं त्याइनं पहिले आमाले सांगतलं असतं. मी का जाणून माह्या पोरीचं घर बुडवलं असतं? तुमी काऊन नाई सांगतलं?"

मी म्हटलं, "वरून मनाई होती." तिनं ते खरं धरलं आणि निघून गेली.

मनाई कोणीच केली नव्हती, बाबा. भूमियाचं घर माझ्या रोजच्या वाटेवर आहे. नमुना पाठवला त्या दिवशी मी त्याच्या फाटकापाशी गाडी थांबवलीही होती. पण आत गेले तर ऑफिसात म्हणतील, शेवटी परिचराचीच पोरगी. मले तुमची लाज वाटली.