भिंतीवरचा नमुना

सोमवार, ४ मार्च

कॉम्प्युटर गेला! म्हणजे चालू आहे, पण एकही फाइल उघडत नाही. पडद्यावर तोडक्यामोडक्या इंग्रजीत नोटीस — तुमचं सगळं आम्ही कुलूपबंद केलंय, हवं असेल तर खाली संपर्क करा.

आत्यानं 'तुमचं पार्सल अडकलं आहे' असा मेल उघडला होता. आपण कुठलं पार्सल मागवलं होतं, विचारलं. "तेच बघायला उघडलं," म्हणाली.

गेलं काय, तर सगळंच. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा नंबर, दोन बुबुळांमधलं अंतर, कोणाचा उजवा कान डाव्यापेक्षा वर आहे. मी डोळे तपासते आणि नोंदी ठेवते, अण्णा मागच्या खोलीत भिंगं घासतात, आत्या काउंटरवर बसते. तिघांच्या दुकानावर दरोडा घालायला कोणाला कसा वेळ मिळतो!

बुधवार, ६ मार्च

"नेहमीचाच नंबर टाका" म्हणणारे आज सात जण. सगळ्यांना खुर्चीत बसवून परत तपासलं. अण्णा खूश. "कॉम्प्युटर गेला तर गेला, डोळे कुठे गेलेत? लोकांच्या नाकावरच आहेत." नाकाच्या दोन्ही बाजूंना असतात, खरं तर.

धाकटी बहीण असती तर म्हणाली असती, मी सांगत होते. बॅकअप, बॅकअप करून जीव खायची. मग त्या मोठ्या कंपनीत गेली, दुसऱ्या शहरात. तिथे भिंगं मशीन कापतं. अण्णांसाठी ती तेव्हापासून 'मशीनवाल्यांकडे गेलेली.' पोटच्या पोरीचं नाव घेत नाहीत. तिनंही फोन केला नाही, मीही नाही.

शनिवार, ९ मार्च

कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं बघणारा माणूस येऊन गेला. वय कमी, चेहरा मात्र घरात सुतक असल्यासारखा. अण्णांनी लगेच नाव ठेवलं — कुलूपवाला.

एका जुन्या डिस्कवर मागच्या वर्षापर्यंतच्या नोंदी सापडल्या. धाकटीनं जाताना ड्रॉवरमध्ये ठेवलेली डिस्क. मीच तिच्यावर अधूनमधून नोंदी टाकायचे आणि मागच्या वर्षी कंटाळले. असो. निम्मा जीव परत आला.

आता नियम. बॅकअपच्या दोन प्रती, एक दुकानात, एक बाहेर. प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड, तो कोणाला सांगायचा नाही. आत्यानं दहा मिनिटांत आपला सगळ्यांना सांगितला, लक्षात राहावा म्हणून.

मंगळवार, १२ मार्च

कुलूपवाल्याची शिकवणी. खोटा मेल ओळखायच्या चार खुणा — घाई करतो. गुपित ठेवायला सांगतो. सोबत काहीतरी उघडायला देतो. जवळचा माणूस असल्याचं सोंग आणतो.

"आणि फोन," म्हणाला. "ओळखीचा नसलेला नंबर उचलायचा नाही."

"गिऱ्हाइकं अनोळखीच असतात की रे," आत्या. मुद्दा बरोबर. तडजोड झाली — गावातला नंबर उचलायचा, बाहेरगावचा नाही.

मला हे सगळं आवडायला लागलंय, हे इथेच लिहिते. आपल्याला फसवणं अवघड आहे, ही भावना छान असते.

शुक्रवार, १५ मार्च

सापडला! पहिला खोटा मेल, माझा मी पकडला.

"ताई, हे माझं नवीन खातं, जुन्याचा पासवर्ड विसरले. तातडीनं मदत हवी आहे. सोबतचा फोटो उघडून बघ म्हणजे कळेल. अण्णांना इतक्यात सांगू नकोस. वाट बघते. तुझी लहान बहीण."

चारही खुणा! अगदी क्रमानं नाही, पण चारही.

खरं सांगायचं तर आधी खरंच वाटलं. खुर्चीवरून उठले, पाणी प्यायले, परत बसले. मग 'ताई' शब्दावर नजर गेली आणि डोकं ताळ्यावर आलं. ती मला उभ्या आयुष्यात ताई म्हणालेली नाही. खडूस म्हणते. शाळेत माझ्या बाईंसमोरसुद्धा खडूस म्हणाली होती. आणि मदत मागणं तर सोडाच, पडली तरी जमिनीला लाथ मारून उठणारी बाई ती.

कुलूपवाल्याला फोन केला. धाकटी बहीण आहे हे त्यांना कसं कळलं, विचारलं. म्हणाला, "सगळं बाहेर असतं, मॅडम. तुमच्या दुकानाच्या पानावर जुना फोटो आहे, खाली 'दोघी बहिणी' लिहिलंय." शाबासकी दिली वर.

फोटो न उघडता मेल छापून घेतला आणि मूळ मेल उडवला. छापलेला काउंटरमागच्या भिंतीवर चिकटवला. चारही खुणांना लाल पेन. वर ठळक अक्षरात — खोटा मेल असा असतो.

शनिवार, १६ मार्च

गिऱ्हाइकं नमुना वाचतात. बँकेतल्या बाईंनी फोटो काढून नेला. आत्या सगळ्यांना समजावून सांगते, जणू तिनंच पकडला.

सोमवार, १८ मार्च

दुसरा आला. "ताई, आधीचा मिळाला ना? प्लीज." प्लीज म्हणे! सोंग तरी नीट आणावं माणसानं. पत्ताच अडवून टाकला. आता तिकडून काही आलं तर परस्पर 'अडवलेले'मध्ये जाईल, मला दिसणारसुद्धा नाही.

बाहेरगावच्या एका नंबरावरून दोनदा फोन. उचलला नाही.

गुरुवार, २१ मार्च

अण्णा नमुन्यासमोर उभे होते. हातात मोठं भिंग. बराच वेळ वाचत होते. अण्णासुद्धा मनावर घेतायत म्हणजे कमाल झाली.

"ह्याला उत्तर दिलं नाही तर काय होतं?" विचारलं त्यांनी.

काही नाही, म्हटलं. कंटाळतात आणि दुसरीकडे जातात.

"बरं," म्हणाले आणि आत गेले. भिंगं घासायचं चाक चालू झाल्याचा आवाज आला नाही.

शुक्रवार, २२ मार्च

अण्णांनी डबा तसाच परत आणला. पित्त असेल.

मंगळवार, २६ मार्च

अण्णांनी आज एक भिंग फोडलं. त्यांच्या हातून भिंग फुटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आत्यानं विचारलं, बरं वाटत नाही का? "उजेड कमी आहे," म्हणाले. खिडकीतून ऊन थेट चाकावर येत होतं.

नमुन्याचा एक कोपरा सुटलाय. नवीन चिकटपट्टी लावली.

गुरुवार, २८ मार्च

क्रमानं लिहिते.

कुलूपवाला बॅकअपची चाचणी घ्यायला आला होता. त्याचं म्हणणं, बॅकअप घेतला म्हणजे काम झालं असं नाही, एखादी गोष्ट परत आणून बघायची. नाहीतर रिकामा डबा जपून ठेवल्यासारखं. त्यानं स्वतःचा वेगळा लॅपटॉप काढला, इंटरनेट बंद केलं आणि म्हणाला, "कुठलंही एक घेऊ." आमचे मेल घेतले. त्यातलं 'अडवलेले' घेतलं, कारण ते सगळ्यात लहान होतं.

आत एकच मेल. एकवीस तारखेचा.

"खडूस, नसेल द्यायचं उत्तर तर नको देऊस. फोनही उचलू नकोस. पण फोटो परत जोडलाय, तेवढा अण्णांना दाखव. इतकं छोटं भिंग मशीनवर नीट होत नाही. हे मी लिहितेय, बघ."

माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असणार, कारण आत्या धावत आली.

"उघडू नका हं लगेच," कुलूपवाला म्हणाला आणि शांतपणे फाइल तपासत बसला. त्याची ती हिरवी पट्टी पुढे सरकेपर्यंत मला त्याचा गळा दाबावासा वाटत होता. "स्वच्छ आहे. फोटोच आहे."

दोन-तीन वर्षांची मुलगी. चष्मा इतका जाड की डोळे भिंगभर पसरलेत. फ्रेम भलतीच मोठी, मागून इलॅस्टिकनं बांधलेली. हनुवटी वर करून घसरलेल्या चष्म्यातून बघतेय. आणि नाक धाकटीचं, अगदी जसंच्या तसं!

मला भाची आहे. आणि मी तिच्या आईची हाक लाल पेनानं रंगवून भिंतीवर लावली. दोन आठवडे आख्ख्या गावाला वाचायला दिली. मी जोरात रडले, कुलूपवाल्यासमोर. तो बिचारा वायरी गुंडाळत राहिला, आधी गुंडाळलेल्यासुद्धा.

अण्णांना बाहेर बोलावलं. त्यांनी भिंग काढून पडद्याला लावलं.

"फ्रेम मोठी आहे," म्हणाले. "भिंगाचा मध्य गालावर उतरलाय. पोरीला काही दिसत नसणार." मग खाली बसले. "तो मेल तिचाच, मला भिंतीवर वाचला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू म्हणालीस खोटं आहे. तू त्यातलं शिकलीस." भिंग पुसत म्हणाले, "मला वाटलं, खोटं असलेलंच बरं. खरं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं."

संध्याकाळी आधी तिच्या पत्त्यावरची अडवणूक काढली, मग मेल लिहिला. लांबलचक. माझं चुकलं, लवकर ये, तुम्हां सगळ्यांची आठवण येते, सोनुली कशी आहे, लगेच फोन कर, सोबत अण्णांचा फोटो पाठवतेय. मनापासून लिहिला. पाठवला.

शुक्रवार, २९ मार्च

उत्तर आलं!

"कोण आहात तुम्ही? माझी बहीण असं लिहीत नाही. पुन्हा मेल आला तर तक्रार करीन."

आत्या हसून हसून स्टुलावरून पडायची बाकी होती. मी मेल परत वाचला. घाई आहे. सोबत फोटो आहे. जवळच्या माणसाचं सोंग आहे. तिनं बरोबर ओळखला. शिकवावं लागलं नाही.

अण्णांनी भिंतीवरचा नमुना काढला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

शनिवार, ३० मार्च

सकाळी दुसरा मेल पाठवला. अण्णांनी सांगितला तसा, फक्त पहिला शब्द माझा —

"गाढवे, फ्रेम मोठी आहे. नाकाची रुंदी आणि कानापर्यंतचं माप पाठव. पट्टी नीट धर."

पाच मिनिटांत दुकानाचा फोन वाजला. बाहेरगावचा नंबर. नियमाप्रमाणे उचलायचा नाही.

अण्णांनी उचलला.