अणूवाल्या मामाची मांडी

आणि मी काय म्हणतो अक्का, पिवळं दिसलं म्हणजे अणूच, हे तुझ्या सासूबाईंनी कोणत्या शाळेत शिकून ठरवलं? मी दहावी नापास, मान्य. पण त्या तर शाळेची पायरी फक्त पोरांचे डबे पोचवायला चढल्या. फोनवर हेच सांगत होतो तर तू "ठेवते रे, दूध उतू चाललं" म्हणून फोन ठेवलास. चार दिवसांत सहा वेळा दूध उतू जातं होय तुमच्याकडं? म्हणून हे पत्र. पत्र मधेच कापता येत नाही (आणि स्पीकरवर लावून ओसरीभर ऐकवताही येत नाही).

बरं, भांडण जरा बाजूला ठेवून रीतीचं लिहितो, नाहीतर म्हणशील वळण नाही. पारोळे मुक्कामी सौ. दिपमालाअक्कास धाकटा भाऊ कुंदन याचा दंडवत. ललितदाजींना नमस्कार, तुझ्या सासूबाई सुनंदाबाईंना नमस्कार (हो, त्यांनाही). बाळाला दात किती आले ते कळव, फोटोत त्याचं तोंड मिटलेलंच असतं, त्या बाबतीत तो दाजींवर गेलाय. नशिराबादला घरी नानांना फोन केला होता. गुडघा बरा आहे म्हणाले, म्हणजे दुखतोय. मी इथं खुशाल आहे. समुद्राच्या हवेनं कपडे वाळत नाहीत आणि जेवणात जिथं बघावं तिथं नारळ. परवा खोलीवर भरीत करायला गेलो, तर इथलं वांगं विस्तवावर ठेवल्याबरोबर रुसलेल्या पाहुण्यासारखं आकसून बसलं.

आता मुद्द्याचं. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं, ही रीत तुझ्या सासरीही आहे आणि माहेरीही. बाळाला सख्खा मामा एकच, आणि तो मी. नऊ महिने मी या दिवसाची वाट बघतोय, आणि तू निरोप काय धाडतेस? एकवीरेला पुढच्या आठवड्यात जाऊन येतो, मांडी प्रेमराजची लावू, तू येऊ नको, खर्चाचे पाच हजार तेवढे पाठव. प्रेमराज आपल्या काकाचाच पोरगा आहे, त्याच्या मांडीला मी नावं ठेवत नाही, चांगली ऐसपैस आहे. पण त्याचं बियाण्यांचं दुकान. दिवसभर कीटकनाशकाचे डबे त्याच मांडीवर ठेवून झाकणं पुसतो. त्याला कुणी काही विचारलं का? तो चालतो आणि मी चालत नाही!

आणि एवढं रामायण कशावरून, तर तुझ्या नणंदेच्या हळदीवरून. मी त्या दिवशी कामावरचा बिल्ला शर्टाला लावून आलो होतो, आणि पोरांनी विचारलं तेव्हा सांगितलं, की अणूचे किरण लागले की हा पिवळा पडतो. (एवढं बोलायला नको होतं.) संध्याकाळी तुझ्या जावांनी मला धरून डोक्यापासून पायापर्यंत हळद फासली. सकाळी शर्ट धुतला, शर्टाची हळद बरीच गेली, पण बिल्ला प्लास्टिकचा, तो केशरी पेढ्यासारखा पिवळा. खुंटीवर तो दिसला आणि सुनंदाबाईंनी अंगणातून हाक मारली, "माय वं, याना आंगमा अणू शिरी गया!" मी म्हटलं, हळद आहे. त्या म्हणाल्या, हळद धुतल्यावर जाते. माझ्या ताटाखालची चटईसुद्धा त्यांनी उन्हात टाकली. मी आणलेली खारी बिस्किटं गोठ्यात गेली, आणि म्हशीनं ती खाऊन दोन लिटर जास्त दूध दिलं, ते मात्र तुम्ही सगळे प्यालात.

तेव्हा त्यांना नीट समजावून सांग, आमचं काम काय आहे ते. आम्ही गोदीत बांधतोय ते अणूवर चालणारं मालाचं जहाज आहे, लढाईचं नाही. आपल्याकडून केळीचा ट्रक दिल्लीला जातो तो वाटेत तीनदा डिझेल भरतो. हे जहाज एकदा भरलं की पाच-सात वर्षं पुन्हा भरायला नको (तुझ्या रागासारखं). धुराडं नाही, तेलाच्या टाक्या नाहीत, त्यामुळे माल जास्त बसतो. शिवाय तेलाचं जहाज जाताना जड असतं आणि येताना हलकं होतं, लग्नाला जाऊन आहेर देऊन परतलेल्या पाहुण्यासारखं. मग ते पाण्यावर फार वर येऊ नये म्हणून पोटात समुद्राचं पाणी भरून घ्यावं लागतं. याचं इंधनाचं वजन हलतच नाही, म्हणून तळाचा आकार एकदा बेतला की बेतला. पुढं पाण्याखाली जहाजाला एक मोठं गोल नाक असतं. जहाज एक लाट उठवतं, नाक दुसरी उठवतं, आणि दोन्ही एकमेकींत जिरतात. आपल्या नळावर आई आणि काकू एकदम बोलायला लागल्या की दोघींचंही कुणाला ऐकू यायचं नाही, तसं.

आणि अणुभट्टी कुठं ठेवतात माहीत आहे? बरोबर मधोमध. तिच्याभोवती पाणी, पाण्याभोवती जाड पोलाद, मग दोन्ही अंगांना मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या खोल्या, आणि मग बाहेरची दुहेरी भिंत. कुणी येऊन धडकलं तर बाहेरचं चेपावं, आतल्याला धक्का लागू नये. साहेबांनी फळ्यावर चित्र काढून हे सांगितलं तेव्हा बाकीचे डोकं खाजवत होते आणि मला मात्र एका दमात समजलं. आई गेली त्या वर्षी आपण वऱ्हाडाच्या ट्रॉलीतून शिंदखेड्याला गेलो होतो. तू फाळक्याला पाठ लावून बसलीस, दोन्ही बाजूंना गोधड्यांची गाठोडी रचलीस, आणि मला मधे मांडीवर घेतलंस. रस्ताभर खड्डे. उतरल्यावर तुझी पाठ काळीनिळी झालेली, आणि मी झोपेत. ते जहाज म्हणजे दुसरं काही नाही अक्का, एक मोठी मांडी आहे. आणि अशी मांडी बांधणाऱ्या माणसाच्या मांडीवर तुम्ही नऊ महिन्यांचं पोर द्यायला भिता!

जास्त काय लिहू. वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, बाळाच्या दोन्ही तळपायांचे मुके घे, माझ्या नावानं. उन्हात फिरू नको.

तुझा,
कुंदन

ता. क. राहिलंच. मला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दहा दिवस रजा आहे. तेव्हा बाळाला अकरावा महिना असेल, नववा जसा विषम तसा अकरावाही विषम, मी बोटांवर दोनदा मोजलंय. जावळ तेवढं तेव्हावर ढकल. तू तशीही माहेरी येशीलच, नशिराबादहूनच एकवीरेला जाऊ.

ता. क. दुसरं. हे लिहू की नको म्हणून दोन रात्री पत्र उशाशी होतं. अक्का, जहाजात अणू नाहीच. हा नुसता चाचणीचा सांगाडा आहे. भट्टीच्या जागी तेवढ्याच वजनाचा काँक्रीटचा ठोकळा ठेवलाय, तळ पेलतो का बघायला. खरी भट्टी यायला अजून कितीतरी वर्षं, परवानग्याच निघालेल्या नाहीत. बिल्लाही नमुन्याचा, आत रिकामा, ट्रेनिंगच्या दिवशी सगळ्यांना वाटला होता. आणि तुम्हाला सांगितलं तसा मी तिथला वेल्डरही नाही. वेल्डिंगच्या परीक्षेत दोनदा बसलो, दोनदा पडलो. मी पुढच्या नाकाला ग्राइंडर मारतो, दिवसभर. ठोकळ्यापासून शंभर पावलं लांब.

आता म्हणशील, मग एवढी फुशारकी कशाला? तुझ्या लग्नानंतर मी आलो की सुनंदाबाई तुला सगळ्यांदेखत विचारायच्या, "तुना भाऊ काय करस?" आणि तू पदराशी चाळा करत राहायचीस. मी उंबऱ्याशीच बसायचो. अणूचं सांगितलं त्या दिवशी दाजी उठले, म्हणाले, "कुंदनभाऊ, आठे खुर्चीवर बठा," आणि चहा बशीसकट आला. तू दारातून बघत होतीस. तुझा तेव्हाचा चेहरा बघून माझ्यानं खरं सांगवलं नाही.

तर आता तूच ठरव. वाटलं तर हा मजकूर ओसरीवर मोठ्यानं वाच. खुर्ची गेली तरी चालेल, मला तसंही उंबऱ्याशी वारं चांगलं लागतं. मांडी मात्र माझीच.

ता. क. शेवटचं. तू मागितलेले पाच हजार माझ्याकडं आहेत, पण पाठवत नाही. पाठवले की तुम्ही मला वगळून उरकून मोकळे व्हाल, मी ओळखून आहे. न्हाव्याच्या ताटात मामानं सव्वा रुपया टाकायचा असतो. त्यातले चार आणे मी स्वतःच्या हातानं घेऊन येतो (नाणं चालत नाही, पण देवाला चालेल), आणि आज तुझ्या फोनवर पाठवतोय तो एक रुपया फक्त.