यंत्रापुढच्या चपला

राजारामपुरी, सोमवार, जून १९८७

आज ऑफिसात कॉम्प्युटर बसवला. कालच आमचे पाळक चर्चमध्ये म्हणाले, जगाच्या शेवटल्या दिवसांत सैतानाचं श्वापद प्रत्येकाला आकडा देईल, कपाळावर खूण करील, सांभाळा. म्हणून मी सकाळपासून सावध. साहेबांनी कॉम्प्युटरसाठी सगळ्यांना नवे नंबर दिले. माझा तीनदा तपासला. श्वापदाचा सहाशे सहासष्ट नव्हता. मग म्हादू शिपायानं यंत्राला हार घातला, कुंकू लावलं आणि तेच बोट माझ्याकडं आणलं. मी कपाळ मागं घेतलं.

"भ्यालासा व्हय, भाऊसाहेब? ऱ्हाऊ दे. पण चपला काढा की! धूळ चालत न्हाय ह्याला."

काढल्या. का काढल्या? चर्चमध्ये तर मी चपला घालून बसतो.

पाळक कपाळाचं बोलले होते. पायांचं कुणीच बोललं नव्हतं.