यकृत ‘पुरे’ म्हणेना

३ मार्च
लोह जास्त म्हणे! माझ्यात! वर्षभर दमतेय, बोटांची मुळं सुजलीत, शर्टांना काज करायच्या मशीनवर हात वळेना. कारखान्यातल्या बायकांचं एकच — रक्त कमी आहे तुझं, लोहाच्या गोळ्या घे. घेतल्या. रोज दोन, कुणाला न विचारता. आता डॉक्टरीण म्हणते, बंद करा. मी म्हटलं, रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा तरी असेल. पुन्हा तपासा!

६ मार्च
पुन्हा तोच आकडा.

७ मार्च
डॉक्टरणीला म्हटलं, माझी शाळा चौथीत सुटली, सरळ सांग. सांगितलं बिचारीनं. जेवणातलं लोह किती आत घ्यायचं ते यकृत ठरवतं. भागलं की आतड्याला कळवतं — आता पुरे. माझं यकृत कळवतच नाही! आतडं आपलं घेतंय, घेतंय. जास्तीचं बाहेर टाकायची सोय अंगाला नाही. रक्त गेलं तरच जातं. पाळी होती तोवर निभावलं. आता दर शुक्रवारी पिशवीभर रक्त काढायचं. काढा म्हटलं, मी काय घाबरते!

मग तिनं विचारलं, “घरात कुणी यकृतानं गेलं?”

धाकटा भाऊ. दारूनं.

“पिताना कुणी पाहिलं होतं?”

...कुणीच नाही. तो नाही नाही म्हणत होता. पण यकृत गेलं म्हणजे दारूच, हे मीच ठरवलं. त्याला उचलून नेताना चार माणसांत ओरडले — पिऊन मेलास! भावजयीनं तेव्हापासून माझं तोंड पाहिलं नाही. चार वर्षं.

डॉक्टरीण म्हणाली, हा आजार घराण्यात उतरतो. भावाला मुलगी आहे ना, तिला तपासा, लवकर. तिलाही असला आणि उशीर झाला, तर तिचंही यकृत जाईल.

९ मार्च
भावजय दार उघडेना. आतूनच — “आता काय बोलायचं राहिलंय, ताई?” मी जिन्यातच ओरडले, “तो पीत नव्हता! मी न बघता बोलले! पोरीचं रक्त तपासून घे!” शेजारी बाहेर आले. येऊ देत! बदनामी चारचौघांत केली, मग शब्द परत घ्यायला कोपरा कशाला शोधू?

दार बंदच. उद्या परत जाणार. हाकललं तर परवा.

१२ मार्च
चौथी खेप. दवाखान्याचा पत्ता दाराखालून सरकवला.

१८ मार्च
भावजयीचा फोन. पोरीचंही लोह वाढलंय. यकृत अजून धड आहे. मग — “ताई, शुक्रवारी जाल तेव्हा आम्हालाही न्या.”