घरी काळी, दुकानात लख्ख

३ फेब्रुवारी, मंगळवार
मुग्धाच्या लॅपटॉपची स्क्रीन गेली. पंखे घुमतात, कळांखालचे रंगीत दिवे लागतात, आवाजही येतो. वर मात्र काळं. पुढच्या बुधवारी पुण्यातल्या गेम बनवणाऱ्या एका कंपनीत तिला स्वतःचा गेम स्वतःच्याच मशीनवर चालवून दाखवायचाय. नोकरी त्यावर. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तो उघडतसुद्धा नाही.
पोरगी सकाळपासून लंगडतेय, कारण काल पायात सुई गेली. आमच्या घरात हे व्हायचंच. जेवायच्या टेबलाच्या एका टोकाला हिचं मशीन, दुसऱ्या टोकाला सुमनचं शिलाईमशीन आणि टॉवेलांचे गठ्ठे.
सुमन : "लई तापतंय त्ये. निसतं गेम खेळून खेळून."
"आई, मी खेळत नाही. बनवते."
"त्येच की."
मी म्हटलं, होईल. पेपरात असताना पान छपाईला जायच्या तोंडावर कोसळलेलं कितीदा उभं केलंय. हे तर आठवड्यावर आहे.

४ फेब्रु., बुध.
पद्धतशीर घ्यायचं ठरवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. डेस्कवरची जुनी सवय.
चार्जर काढून बटण दाबून धरलं. फरक नाही. खिडक्या लावून स्क्रीनवर टॉर्च मारला. नुसता मागचा प्रकाश गेला असेल तर पुसट चित्र दिसतं म्हणे. काही नाही. मग टीव्हीची केबल जोडली आणि टीव्हीवर सगळं लख्ख! म्हणजे आतलं शाबूत, गेम शाबूत. बिघाड स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा. अर्धी लढाई जिंकली.
मुग्धा टीव्हीवर बघत लगेच कामाला लागली. गेममध्ये यंत्रमाग चालवायचा, धागा तुटू द्यायचा नाही. सुमन टाके घालता घालता बघत होती.
"माग आसा चालतोय व्हय? कामगार च्या प्यायला कवा जातो ह्यात?"
मुग्धानं ते लिहून घेतलं. गंमत नव्हे, खरंच.

५ फेब्रु., गुरु.
आमच्या गावातल्या नवी पेठेत, लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या इरफानभाईंकडे. त्यांनी बटण दाबलं आणि स्क्रीन लागली! तरी खोलून बघितलं. पंख्यातून टॉवेलाच्या तंतूंची गादी निघाली.
"साब, इसमें टॉवेल बुनते क्या?"
केबल काढून पुन्हा बसवली. चहा झाला, गप्पा झाल्या, स्क्रीन चालूच. पेपरचं माझं सदर वेळेत नेऊन दिलं, लॅपटॉप घेऊन घरी आलो. टेबलावर ठेवला. काळा.
मुग्धानं टीव्हीची केबल पुन्हा जोडली.

६ फेब्रु., शुक्र.
परत दुकान. परत लख्ख. इरफानभाई डोकं खाजवत म्हणाले, "मशीन तो चोखा है. तुमारे घर कू लाईट का लोचा होयेंगा."
पटलं. आमच्या भवानी पेठेतल्या विजेचा भरवसा मीही देत नाही. शेजारून स्टॅबिलायझर आणला, जोडला, मुग्धाला मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं, "आता बघ."
तिनं चार्जरच उपसून काढला. बॅटरीवरही काळंच.
"बाबा, लाईटचा संबंधच नाही."
स्टॅबिलायझर परत नेऊन दिला. जड असतो.

७ फेब्रु., शनि.
इरफानभाई म्हणतात, स्क्रीन बदलून बघू, पण नवी पुण्याहून मागवावी लागेल, बुधवारपर्यंत यायची नाही. शिवाय चांगली स्क्रीन बदलायची कशासाठी? मी नको म्हटलं.
मुग्धा : "कळवून टाकते त्यांना. येत नाही म्हणून."
सुमनचं मशीन थांबलं. मी म्हटलं, "उद्या संध्याकाळपर्यंत थांब. मग तू म्हणशील तसं."
बातमी दोन ठिकाणी वेगळी येते तेव्हा काय करतो आपण? काय वेगळं आहे ते बघतो. दुकान आणि घर. वीज नव्हे. मग काय?

८ फेब्रु., रवि.
सापडलं!!
लॅपटॉप बॅटरीवर गॅलरीत नेला. लागला. तसाच उघडा, भरल्या ताटासारखा दोन्ही हातांत धरून आत आणला. चालू. टेबलावर टेकवला. बंद. उचलला. चालू. ठेवला. बंद.
सुमन : "आवं, वजन करताय का काय त्येचं?"
टेबलाखाली हात घातला आणि बोटाला टोचलं. तिथं लोखंडी पट्टीला जुन्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक चिकटवलेलं, त्याला सुया उभ्या, साळिंदरासारख्या. बरोबर लॅपटॉपच्या कोपऱ्याखाली.
मुग्धाला क्षणात कळलं. झाकण मिटलंय हे लॅपटॉप झाकणातल्या चुंबकावरूनच ओळखतो. खालच्या चुंबकानं त्याला वाटायचं, झाकण मिटलं, आणि तो स्क्रीन विझवायचा. झाकण मिटलं तरी काम चालू राहावं अशी सोय तिनंच करून ठेवलेली, म्हणून बाकी सगळं चालायचं.
सुमन उभीच. "म्हंजी माज्यामुळं? आगं, तुज्या पायात सुई गेली न्हवं, तवा लावलं मी त्ये रातच्याला. पडली सुई की लगीच तितं चिकटवायची. परत तुज्या पायात जायला नको."
मुग्धा हसायला लागली ती थांबेना. मग आईच्या गळ्यात पडली. सुमन म्हणाली, "सोड, हातात सुई हाय."

१० फेब्रु., मंगळ.
चुंबक डब्यात, डबा माळ्यावर. लॅपटॉप दिवसभर टेबलावर चालला. गेममध्ये आता कामगार चहाला जातो, तेवढ्यात धागा सांभाळायचा. आधीपेक्षा कितीतरी चांगला झालाय.
इरफानभाईंना सांगितलं. "भाभी कू सलाम बोलो," म्हणाले.
सुमननं लॅपटॉप नव्या टॉवेलात गुंडाळला. मुग्धानं तंतू आठवून पुन्हा काढला. नोकरी लागली तर पुण्यातच राहावं लागेल, हे आज पहिल्यांदा जेवताना निघालं. सुमननं तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

११ फेब्रु., बुध.
पहाटेच्या गाडीनं गेली. अकराच्या सुमारास मेसेज : 'स्क्रीन लागली. आत बोलावलंय.' त्यानंतर काही नाही. मी लेख पुरा केला. चांगला उतरला. तिचा गेमही उतरेल.
दुपारी सुमनच्या हातून सुई पडली. सवयीनं टेबलाखाली चुंबकाकडं हात गेला, रिकामा परत आला. मग खाली बसून फरशी चाचपायला लागली.
"राहू दे की," मी म्हटलं. "मुगी कुठं आहे घरात?"
"आज यील की रातच्याला."
"आज तर येईल."
तिनं वर बघितलं, पुन्हा खाली. मग मीही टॉर्च घेऊन खाली बसलो. फोन टेबलावर. सुई अजून सापडलेली नाही.